फ्रेजरसाहेब, धारवाड आणि वस्तादानं राखून ठेवलेला डाव

भाऊसिंगजी रोड कुणाच्या नावानं आहे, हे कॉलेजच्या पोरांना एकदा विचारून बघा. बहुतेकांना सांगता येत नाही. कुणी म्हणतं, जुने सरदार असतील. कुणी म्हणतं, घाटग्यांपैकी कुणीतरी. गंगाराम कांबळेंचं हॉटेल याच रस्त्यावर होतं, तिथं महाराज चहा प्यायला थांबायचे, एवढं आपल्याला पाठ आहे. पण रस्त्याचं नाव ज्यांचं, ते भाऊसिंगजी म्हणजे भावनगरचे महाराज भावसिंहजी. पार काठियावाडातल्या संस्थानाचे राजे. त्यांचं नाव कोल्हापूरच्या ऐन गावातल्या रस्त्याला लागलं, कारण ते शाहू महाराजांचे वर्गमित्र. आधी राजकोटला एकत्र, मग धारवाडला एकाच मास्तरांच्या हाताखाली.

वर्गमित्राच्या नावाचा रस्ता आहे. त्या मास्तरांबद्दल मात्र आपल्याकडं वर्षातून एकदाच बोललं जातं, २६ जूनच्या आसपास, आणि तेही भांडणापुरतं. एक बाजू म्हणते, इंग्रज शिक्षकानं शाहूंना घडवलं, नाहीतर एवढं आधुनिक डोकं आलं कुठून? दुसरी बाजू म्हणते, कसला फ्रेजर अन् कसलं काय, महाराज मुळातच मोठे होते. दोन्ही पोस्टी मी गेली काही वर्षं वाचतोय. दोन्हींत एक गोष्ट राहून जाते. ‘ट्यूटर’ म्हणजे त्या काळी नेमकं काय होतं, त्याला कोण नेमायचं, तो कुणाला जबाबदार असायचा, हे कुणी विचारतच नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

आज ट्यूटर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिकवणी येते. संध्याकाळी सहाचा क्लास, गणित-सायन्स, फी दोन हप्त्यांत. संस्थानी काळात सरकारी कागदात हा शब्द एकटा येत नसे. ‘ट्यूटर आणि गार्डियन’ अशी जोडी असे. म्हणजे शिक्षक आणि पालक. मुलगा काय वाचतो एवढंच नव्हे, काय खातो, किती वाजता उठतो, कुणाशी बोलतो, घोड्यावर कसा बसतो, घरच्यांना कधी भेटतो, हे सगळं त्याच्या अखत्यारीत.

कोल्हापूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडं याला वस्ताद म्हणतात. तालमीतला वस्ताद फक्त डाव शिकवत नाही. पोरगं पहाटे उठलं का, दूध प्यालं का, जोर-बैठका किती मारल्या, रात्री गावात कुठं फिरत होतं, सगळ्यावर त्याची नजर. आई-बापापेक्षा पोरगं वस्तादाला जास्त भितं. पण तालमीतल्या वस्तादात आणि राजपुत्राच्या ट्यूटरात एक फरक होता आणि तो साधा नाही. वस्ताद तालमीचा असतो, गावाचा असतो. ट्यूटर सरकारचा होता. त्याची नेमणूक इंग्रज सरकारच्या मर्जीनं व्हायची आणि राजपुत्राची प्रगती मुंबई सरकारला कळवली जायची. ज्या सरकारच्या ताब्यात संस्थान, त्याच सरकारचा माणूस भावी राजाचा गुरू. अल्पवयीन राजा म्हणजे इंग्रजांसाठी आयती संधी असायची. हवा तसा राजा तयार करून घेता यायचा.

आणि कोल्हापूरच्या गादीला ही वेळ एकदा नाही, लागोपाठ तीनदा आली.

पहिले राजाराम महाराज. १८६६ साली दत्तक आले, वय सोळा. त्यांच्या शिक्षणावर इंग्रज सरकारतर्फे कॅप्टन वेस्ट यांची देखरेख होती आणि शिकवायला जमशेटजी उनवाला नावाचे पारशी पदवीधर. मुलगा हुशार होता, इंग्रजी उत्तम शिकला. १८७० साली युरोपच्या दौऱ्यावर गेला. रोजची डायरी इंग्रजीत लिहायचा. विलायत बघून परत येताना इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात आजारी पडला आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथंच गेला. वय वीस. आर्नो नदीच्या संगमावर हिंदू रिवाजाप्रमाणं दहन झालं. तिथं आजही त्यांचं स्मारक आहे आणि जवळच्या मोठ्या पुलाला तिथले लोक ‘इंडियन’चा पूल म्हणतात. ती डायरी वेस्टनीच १८७२ साली लंडनमध्ये छापून आणली. राजाराम कॉलेजचं नाव यांच्यावरून. यांच्याबाबतीत शिक्षकांना दोष द्यावा असं काही नाही, पण राज्य करायला हा राजा उरला नाही.

दुसरे चौथे शिवाजी महाराज. यांची गोष्ट सांगताना अजूनही जुन्या कोल्हापूरकरांचा आवाज बदलतो. १८७१ साली वयाच्या आठव्या वर्षी दत्तक. पुढं इंग्रज अधिकाऱ्यांनी ठरवलं की राजाच्या डोक्यावर परिणाम झालाय. गोरे पहारेकरी नेमले. कोल्हापुरात आणि कोल्हापूरबाहेर कुजबुज सुरू झाली की महाराजांना वेडं ठरवलं जातंय, त्यांचा छळ होतोय. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या तेव्हा नव्या असलेल्या पत्रांनी हे प्रकरण उचललं, कारभारी महादेव वासुदेव बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर छापला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. १८८२ साली टिळक आणि आगरकर दोघांना शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. टिळकांचा पहिला तुरुंगवास कोल्हापूरच्या राजासाठी होता, हे विसरू नका. बाकी टिळक आणि कोल्हापूर हा पुढचा विषय वेगळा.

महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. २५ डिसेंबर १८८३ ला ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. यांचंही वय वीसच.

वेडे होते की नव्हते, यावर दीडशे वर्षं वाद चाललाय. मी त्यात शिरत नाही. मला दिसतं ते एवढंच की ‘पालक’ या शब्दाखाली सरकारनं काय काय करता येतं हे कोल्हापूरनं याच प्रकरणात बघितलं. शिक्षक आणि पहारेकरी यांच्यातली रेघ किती पुसट असते, हे बघितलं. त्यानंतर तीन महिन्यांत, १७ मार्च १८८४ ला, कागलच्या घाटग्यांचा नऊ वर्षांचा यशवंतराव दत्तक येऊन शाहू छत्रपती झाला. त्याच्याभोवतीच्या प्रत्येक माणसाच्या मनात नगरचा किल्ला ताजा होता. फ्रेजरची गोष्ट या पार्श्वभूमीवर वाचली तरच कळते.

आई राधाबाई हा मुलगा तीन वर्षांचा असताना गेल्या. वडील जयसिंगराव आबासाहेब घाटगे कर्तबगार होते, कोल्हापूरचे रीजंट होते. ते असेपर्यंत मुलाच्या शिक्षणाकडं घरचं लक्ष होतं. मार्च १८८६ मध्ये तेही गेले. मुलगा अकरा वर्षांचा. आता तो पूर्णपणे सरकारच्या हवाली.

त्याच सुमारास राजकोटच्या राजकुमार कॉलेजात रवानगी झाली. सोबत धाकटा भाऊ बापूसाहेब आणि काकासाहेब घाटगे. हे कॉलेज काठियावाडच्या राजपुत्रांसाठी काढलेलं, प्राचार्य मॅकनॉटन. क्रिकेटचे रणजितसिंहजी याच शाळेचे आणि शाहू गेले तेव्हा तेही तिथंच होते. शाहूंना क्रिकेटपेक्षा मातीची ओढ. व्यायामाचा आणि कुस्तीचा नाद राजकोटला चांगलाच वाढला. पुढं खासबाग मैदान बांधणाऱ्या माणसाच्या हातापायात माती कुठं भिनली, याचं एक उत्तर राजकोटात आहे. (रणजी आणि शाहू एकाच शाळेत, यावर कुणीतरी नाटक लिहायला हवं.)

१८८९ च्या सुमारास शाहूंसाठी स्वतंत्र ट्यूटर नेमला गेला. स्टुअर्ट मिटफर्ड फ्रेजर. आयसीएस अधिकारी, जन्म १८६४ चा. म्हणजे नेमणूक झाली तेव्हा जेमतेम पंचविशीचा पोरगा. आपण ‘फ्रेजरसाहेब’ म्हटलं की पिकल्या मिशांचा म्हातारा डोळ्यांसमोर येतो. तसं नव्हतं. विद्यार्थी पंधरा-सोळाचा आणि मास्तर त्याच्याहून दहाच वर्षांनी मोठा. आपल्याकडच्या भाषेत थोरल्या भावाएवढा.

फ्रेजरनी शाळा मांडली धारवाडला. हे गाव महत्त्वाचं. कोल्हापूरच्या वाड्यातलं राजकारण, कारभाऱ्यांचे गट, मानकरी, मुजरे, यापासून मुलगा लांब. पण राजकोटसारखा अगदी परमुलखातही नाही. हवा-पाणी आपल्यासारखं, कानडीबरोबर मराठीही कानावर पडणारं गाव. भावसिंहजी इथंही सोबत आले. बापूसाहेब, काकासाहेब होतेच. चार-पाच मुलांचा वर्ग. आणि फ्रेजरच्या हाताखाली मदतीला रघुनाथराव व्यंकाजी सबनीस.

सबनीसांचं नाव मी मुद्दाम घेतो, कारण फ्रेजरच्या वादात ते कायम बाजूला पडतात. फ्रेजर साहेब म्हणून आला आणि काम संपल्यावर गेला. सबनीस राहिले. १८९८ साली महाराजांनी त्यांना दिवाण केलं आणि १९२२ साली महाराज गेले तेव्हाही तेच दिवाण होते. वेदोक्ताचं वादळ, बोर्डिंगं, राखीव जागांचा जाहीरनामा, सक्तीचं शिक्षण, या सगळ्या काळात दिवाणाच्या खुर्चीवर महाराजांचा जुना मास्तर. कुणी विद्यार्थ्यानं आपल्या शिक्षकाला यापेक्षा मोठं प्रमाणपत्र दिलेलं मला तरी माहीत नाही.

धारवाडात शिकवलं काय? इंग्रजी, इतिहास, कायदा, राज्यकारभार. घोडेस्वारी आणि शिकार अर्थातच. पण या शिक्षणात दोन गोष्टी आजच्या क्लासवाल्यांना झोप येऊ देणार नाहीत अशा आहेत. पहिली, परीक्षा नाही. शाहूंनी कुठल्याही विद्यापीठाची परीक्षा दिली नाही, पदवी नाही. (१९०२ साली केंब्रिजनं त्यांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली, ती न दिलेल्या परीक्षेची.) दुसरी, प्रवास. फ्रेजरनी या मुलांना उत्तर हिंदुस्थान दाखवला, मग दक्षिण हिंदुस्थान आणि पार सिलोनपर्यंत नेलं. पुस्तकात वाचलेलं गाव डोळ्यांनी बघायचं आणि मग त्यावर बोलायचं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलानं आपल्या संस्थानाबाहेरचा देश आधी बघितला, मग राज्य हातात घेतलं.

मधेच १ एप्रिल १८९१ ला बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं आणि २ एप्रिल १८९४ ला राज्याधिकार मिळाले. फ्रेजरचं काम संपलं.

आता मूळ भांडणाकडं येऊ. घडवलं का फ्रेजरनी?

अधिकार हातात आले तेव्हाचे आकडे सगळ्यांना माहीत आहेत, तरी परत सांगतो. दरबारातल्या सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी. ५०० कारकुनांत ब्राह्मणेतर फक्त १०. हे कोष्टक फ्रेजरच्या कुठल्या धड्यात नव्हतं. पंचगंगेच्या घाटावर आपल्याला वेदोक्त मंत्र नाकारले जातात, हे धारवाडात कुणी शिकवलं नाही. ते १८९९ साली नदीच्या पाण्यात उभं राहून कळलं. दुखणं कुठं आहे हे महाराजांना त्यांच्या स्वतःच्या राज्यानं दाखवलं. फ्रेजरनी काय दिलं असेल, तर दुखणं दिसल्यावर घाबरून न जाता कागद मागवायचे, आकडे बघायचे, हुकूम काढायचा आणि तो अंमलात येतोय का हे स्वतः जाऊन तपासायचं, ही सवय. माझ्या मते हे देणं लहान नाही. भावना सगळ्यांकडं असते. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्क्यांचा जाहीरनामा काढायला भावनेबरोबर कारभाराची पक्की मांड लागते.

पण दुसरी बाजूही बोलायलाच हवी आणि ती काही मित्रांना बोचेल. आपल्या तालमीत एक म्हण आहे, वस्ताद सगळे डाव शिकवतो पण एक डाव राखून ठेवतो. पठ्ठ्या उद्या त्याच्यावरच उलटला तर कामाला येतो म्हणून. इंग्रज सरकारच्या ट्यूटरनीही एक डाव राखून ठेवला होता. राज्य कसं चालवायचं हे शिकवलं, ज्या सत्तेनं तुला राज्य दिलंय तिच्यापुढं उभं कसं राहायचं, हे नाही शिकवलं. महाराज शेवटपर्यंत इंग्रज सरकारशी सलोख्यानं राहिले, पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीला मदत केली, अडचणीच्या वेळी मुंबई सरकारचा आधार घेतला. फ्रेजरशी पत्रव्यवहारही चालू होता. यावरून टिळकपक्षानं त्यांना काय काय म्हटलं ते आपल्याला ठाऊक आहे. मला तो आरोप अपुरा वाटतो. समोर दोन शत्रू असताना आधी कुणाशी लढायचं, हा महाराजांचा स्वतःचा हिशोब होता आणि नगरच्या किल्ल्यात काय झालं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरीही राखून ठेवलेला डाव होता, हे खोटं नाही. सरकारी ट्यूटर नेमण्यामागं सरकारचा हेतू हाच असायचा.

मग गंमत कुठं झाली बघा. फ्रेजर कोल्हापूरहून पुढं म्हैसूरला गेले. १८९६ ते १९०२ कृष्णराज वडियारांचे ट्यूटर. बंगळुरात फ्रेजर टाउन आहे ना, ते यांच्याच नावाचं. त्याच म्हैसुरात १९१८ साली वडियारांनी मिलर समिती नेमली आणि मागासलेल्या समाजांना नोकऱ्यांत जागा देण्याचा रस्ता उघडला. दिवाण विश्वेश्वरय्यांना ते पटलं नाही, ते बाजूला झाले. कोल्हापूरनंतर सोळा वर्षांनी तीच लढाई, आणि राजा पुन्हा फ्रेजरचाच विद्यार्थी. यावरून लगेच ‘फ्रेजरनीच शिकवलं’ म्हणून उडी मारू नका. म्हैसुरात ब्राह्मणेतरांची स्वतःची चळवळ उभी होती, मागणी खालून आली होती. पण कारभार शिकलेला राजा गादीवर असला की खालून आलेल्या मागणीचा हुकूम होतो, हे दोन्हीकडं दिसतं.

बडोद्याचं उदाहरण याहून बोलकं आहे. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, १८७५ साली दत्तक गेले तेव्हा बारा वर्षांचे. त्यांचा ट्यूटर एलियट, तोही आयसीएस. शिवाय दिवाण सर टी. माधवराव स्वतः त्यांना कारभारावर व्याख्यानं द्यायचे. याच सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. शाहू महाराजांनी १९१७ साली केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आई-बापाला महिन्याला एक रुपया दंड. आणि या दोघांच्या मधे, १९११ साली, नामदार गोखल्यांनी इंग्रजी मुलखासाठी तसंच बिल आणलं. १९१२ साली ते फेटाळलं गेलं. म्हणजे फ्रेजर आणि एलियट ज्या सरकारचे नोकर, त्या सरकारनं आपल्या रयतेला जे नाकारलं, ते त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या रयतेला दिलं. विलायतेत तोवर मुलांना शाळा सक्तीची होऊन तीस वर्षं झाली होती. पठ्ठ्यांनी डाव स्वतः शोधून काढला, असं म्हणायला हरकत नाही.

‘गुरू कोण’ या प्रश्नावर आपल्या महाराष्ट्रात डोकी फुटायची वेळ येते. दादोजी कोंडदेवांच्या नावाचा क्रीडा मार्गदर्शकांचा पुरस्कार होता, तो गेला. डिसेंबर २०१० मध्ये लाल महालातला पुतळा हलवला. तो सगळा वाद श्रेयाचा होता, कुणी काय शिकवलं यापेक्षा कुणाच्या जातीला किती श्रेय जायचं याचा. शाहू आणि फ्रेजर यांच्यावरही तोच साचा बसवला जातोय. म्हणून मला वाटतं, शिक्षकाचं माप घ्यायचं तर विद्यार्थी पुढं दुसऱ्यांचा शिक्षक म्हणून कसा वागला ते बघावं. आणि तिथं शाहूंकडं दाखवण्यासारखं भरपूर आहे.

बोर्डिंगांची गोष्ट आपण अन्न-निवाऱ्याची म्हणून सांगतो. गावाकडचं पोरगं, राहायला जागा नाही, महाराजांनी सोय केली. खरं आहे. पण धारवाडशी ताडून बघा. घरापासून लांब, बरोबरीच्या मुलांसोबत, वेळापत्रकात बांधलेलं, डोक्यावर एक सुपरिटेंडेंट, जो अभ्यासही बघतो आणि चालचलणूकही. राजपुत्रासाठी जे मांडलं होतं तेच शेतकऱ्याच्या पोरासाठी मांडलं. फरक एवढाच की इथं पोरं चार-पाच नव्हती, शेकड्यानं होती. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग (मुस्लिम समाजाच्या शिक्षणसंस्थेचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडं घेतलं), १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क. पुढं आणखी.

जातवार बोर्डिंगं काढली म्हणून आज टीका होते. पण एकत्र वसतिगृहाचा प्रयोग त्याआधी फसला होता, तिथं ब्राह्मणांशिवाय कुणी टिकेना, हेही त्या टीकेसोबत सांगायला हवं.

सगळे सुपरिटेंडेंट फ्रेजर-सबनीस नव्हते, हेही तितकंच खरं. जैन बोर्डिंगचे सुपरिटेंडेंट अण्णासाहेब लठ्ठे. मोठा माणूस. राजाराम कॉलेजात प्राध्यापक, पुढं कोल्हापूरचे दिवाण, शाहू महाराजांचं इंग्रजी चरित्र यांनीच लिहिलं. त्यांच्या हाताखाली कुंभोजचा एक दांडगा पोरगा होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला आणि परत आल्यावर आंघोळ करायला तयार होईना. विटाळ झाला असं मानायलाच तयार नाही. शेवटी त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. महाराजांनी त्याला वाड्यावर आसरा दिला. शाळेत त्याची प्रगती बेताचीच, मॅट्रिकचा दरवाजा काही ओलांडला नाही. पुढं साताऱ्याला जाऊन पोटासाठी काय केलं? शिकवण्या घेतल्या! मॅट्रिक न झालेला हा माणूस इंग्रजी, गणित, संस्कृत शिकवायचा आणि साताऱ्यात ‘पाटील मास्तर’ म्हणून त्याचा बोलबाला झाला. १९१९ साली काल्याला त्यानं रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्यात बोर्डिंग काढलं ते छत्रपती शाहूंच्या नावानं आणि तिथं सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसवली. कर्मवीर भाऊराव पाटील. महाराजांना परिस्थितीनं जे जमलं नव्हतं, ते त्यांच्या वाड्यावर राहिलेल्या पोरानं केलं.

आणि सोनतळी. हे मला सगळ्यात जवळचं वाटतं, पण यावर लिहिलं कमी जातं. धाकटे चिरंजीव शिवाजी १२ जून १९१८ ला शिकारीच्या अपघातात गेले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी अवघ्या अकरा वर्षांच्या. लग्नाला एक वर्ष झालेलं. त्या काळच्या राजघराण्यातली अकरा वर्षांची विधवा म्हणजे उरलेलं आयुष्य कुठल्या खोलीत गेलं असतं, सांगायला नको. महाराजांनी तिला वाड्यातून काढून सोनतळीच्या कॅम्पवर नेलं, शिक्षक नेमले, सोबत शिकायला इतर मुली ठेवल्या. घरातून विरोध झाला. त्यांनी ऐकलं नाही. सून डॉक्टर व्हावी असं त्यांच्या मनात होतं. ते बघायला महाराज राहिले नाहीत, १९२२ साली गेले. इंदुमतीदेवी डॉक्टर झाल्या नाहीत, पण मॅट्रिक झाल्या आणि पुढं कोल्हापुरात बायकांच्या शिक्षणाचं मोठं काम त्यांनी केलं. वाड्यापासून लांब, मोकळी जागा, नेमलेले शिक्षक, बरोबरीची सोबत. धारवाडचीच मांडणी. मुलगा जाऊन दुःखात बुडालेला बाप सुनेसाठी काय करावं हे शोधत होता आणि त्याला आपलं लहानपण आठवलं असावं, असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, कागद नाही.

आता आजचं. राजारामपुरीत एका गल्लीत उभं राहून क्लासच्या पाट्या मोजायला लागलात तर मान दुखेल. दहावी, बारावी, नीट, जेईई, एमपीएससी. मी क्लासच्या विरोधात नाही. शाळेत शिकवत नाहीत म्हणून पोरं क्लासला जातात आणि क्लासला जातात म्हणून शाळेत शिकवत नाहीत, हे चक्र आपण सगळ्यांनी मिळून चालवलंय. कायदा काय म्हणतो तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेतल्या शिक्षकाला खाजगी शिकवणीची बंदी आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं सूचना काढल्या की सोळा वर्षांखालच्या मुलाला कोचिंगमध्ये घेऊ नये. तुमच्या गल्लीत काय चाललंय ते तुम्हीच बघा.

माझं म्हणणं वेगळं आहे. ‘ट्यूटर आणि गार्डियन’ या जोडीतला दुसरा शब्द आपण कधी आणि कसा सोडून दिला? दोनशे पोरांच्या बॅचमध्ये समोरचा माणूस ट्यूटर असेल, गार्डियन कुणाचाच नाही. पोरगं तीन दिवस आलं नाही तर आई-बापाच्या मोबाईलवर मेसेज जातो, बस. ते का आलं नाही, रात्री झोपतंय का, मेसचं जेवण जातंय का, हे विचारणारं कुणी नाही. आणि अभ्यासिकेत सहा-सहा वर्षं एमपीएससी करणाऱ्या गावाकडच्या पोरांना तर ट्यूटरही परवडत नाही, गार्डियन तर लांबच. चंदगड, राधानगरी, गगनबावड्याहून आलेलं हे पोरगं म्हणजे १९०१ साली मराठा बोर्डिंगच्या दारात उभं असलेलंच पोरगं आहे.

दसरा चौकाच्या आसपासची बोर्डिंगं अजून उभी आहेत. काही नीट चालतात, काहींचे गाळे भाड्यानं गेलेत. विश्वस्त मंडळांवर कोण आहे, किती मुलं राहतात, सुपरिटेंडेंट तिथं राहतो की नुसता सहीपुरता येतो, हे समाजानं एकदा जाऊन बघावं. आपापल्या बोर्डिंगचा गेल्या वर्षाचा अहवाल मागितला तरी पुष्कळ कळेल.

आणि एक विनंती. तुमच्या घरात आजोबा, वडील, चुलते, कुणी कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहून शिकले असतील, तर कुठलं बोर्डिंग, कुठलं साल आणि तेव्हा तिथं पोरांकडं बघणारा माणूस कसा होता, हे खाली लिहा. जेवणाबद्दलही लिहा. पुढची पोस्ट त्यावरच करू.